सात, सात, तीन

मार्च संपत आला की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, ऊन बाधतं तुला. उन्हाचा काडीचा संबंध नाही. पेपर तपासायचे गठ्ठे येतात आणि त्याच आठवड्यात लालबागच्या बाजूने भाजलेल्या मिरचीचा नाकाला झोंबणारा खाट यायला लागतो. या दोन गोष्टी एकदम आल्या की मी कोणाशी धड बोलत नाही. नवरा चहाचा कप समोर ठेवतो आणि गुपचूप दुसऱ्या खोलीत निघून जातो. शहाणा आहे.

मी परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तीसेक मार्च मी लाल पेन हातात घेऊन काढले. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक छापील कागद येतो, त्याला मॉडेल आन्सर म्हणतात. या कागदाची मला मनापासून चीड आहे. मुलांनी त्या कागदासारखं लिहिलं की मार्क द्यायचे आणि स्वतःच्या डोक्याने लिहिलं की कापायचे, यासाठी एम.एस्सी. कशाला व्हायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

यंदा पुन्हा तोच प्रश्न होता. तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा आकडा शोधणारा प्रोग्रॅम लिहा. गणपतीत मोदक तसा हा प्रश्न. तो नसेल तर पेपर पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही. एका मुलीने तो मॉडेल आन्सरपेक्षा वेगळ्या रीतीने सोडवला होता. मी पूर्ण मार्क दिले. आमचे मार्क पडताळायला मॉडरेटर म्हणून आलेला मुलगा, म्हणजे माझ्यापुढे मुलगाच तो, म्हणाला, "मॅडम, बरोबर असेलही, पण ही पद्धत कागदात नाहीये. दोन कापा."

"चालवून बघितलंत?" मी विचारलं.

"काय?"

"हा प्रोग्रॅम. आपण लॅबमध्ये बसलोय. समोर तीस कॉम्प्युटर आहेत. एकावर तरी टाइप करून बघितलंत?"

तो हसला. "एवढं कोण करत बसतं मॅडम? आणि दोन मार्कांसाठी एवढं काय चिडताय?"

मग मी त्याला जे काय बोलले ते शिपायाने दारातून ऐकलं आणि दुपारपर्यंत अख्ख्या स्टाफरूमला कळलं. मार्क मी कापले नाहीत. सही करून उठले. पण घरी पोचले तरी माझा राग उतरला नव्हता, आणि तो त्या मुलामुळे नव्हता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी नववीत होते तेव्हा आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर आला. एक. अख्ख्या शाळेला. कीबोर्डच्याच जाडजूड खोक्यात सगळं मशीन, आणि ते एका टीव्हीला जोडलेलं. आजच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही, पण त्या मशीनच्या पोटातच भाषा होती. बेसिक. ती बाहेरून आणून भरावी लागायची नाही, कोणाकडे मागावी लागायची नाही. बटण दाबलं की टुंग असा आवाज व्हायचा, पडद्यावर दोन ओळी उमटायच्या आणि खाली एक रेघ लुकलुकत राहायची. बस, इतकंच. ना चित्र, ना खेळ, ना जाहिरात. ते मशीन तुमची वाट बघायचं. तुम्ही दोन अधिक दोन विचारा, ते सांगेल. तुमचं नाव शंभर वेळा लिही म्हणा, लिहील. चुकलात तर चुकलं म्हणेल आणि पुन्हा वाट बघेल. तुम्ही कोणाची मुलगी, कुठल्या चाळीत राहता, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

आता माझा फोन उघडला की तोच मला आधी काहीतरी विकायला बघतो. लोअर परळला जिथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे तिथल्या काचेच्या इमारतींत बसून माझ्याच कॉलेजची मुलं ही असली ॲपं बनवतात. माझ्या भाचीला शाळेने टॅब दिलाय, त्याच्यात एक ओळ स्वतःची लिहायची सोय नाही. लिहायला गेली तर परवानगी नाही म्हणून पाटी येते. नऊ वर्षांची पोर मला विचारते, आत्या, परवानगी कोण देतं? मी काय सांगू तिला? उघड्या दाराचं मशीन आमच्या हातात आलं होतं आणि आम्ही त्याला कुलूप लावलं, हे सांगू?

कुलूपच लावलं. शिवणाची खोली रिकामी करून तिथे कॉम्प्युटर ठेवला. दाराबाहेर चपला काढायच्या. आत हळू बोलायचं. मशीनला मेणकापडाचं आच्छादन, त्याला शिवणाच्या बाईंनी लावलेली झालर. खंडेनवमीला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी त्याची पूजा केली आणि हळदकुंकू थेट कीबोर्डवर वाहिलं. कुंकू कळांच्या फटीत गेलं आणि पी अक्षराची कळ रुतून बसली. ते त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. म्हणायचे, "पी जरा जोरात दाबायचा असतो."

हे सर मूळचे इतिहासाचे. त्यांना दहा दिवसांचं ट्रेनिंग दिलं आणि हातात किल्ली दिली. त्या किल्लीने माणूस बदलला. आठवड्याला एक तास आम्ही त्या खोलीत सतरंजीवर बसायचो. सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो आणि घरी पाढ्यासारखे पाठ करायचो. शेवटच्या पाच मिनिटांत ते आच्छादन उचलून मशीन दाखवायचे, मखरातली मूर्ती दाखवावी तसं. हात लावायचा नाही. "मशीन कधी खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या मशीनला त्यांनी वर्षभरात काही विचारल्याचं मात्र मी पाहिलं नाही.

परीक्षेआधी त्यांनी जाहीर केलं: वार्षिकला कॉम्प्युटरमध्ये पहिले पाच येतील त्यांना मे महिना अख्खा, रोज एक तास, मशीनवर बसायला मिळेल.

माझ्या शेजारी नंदा बसायची. ती दुसऱ्या दिवशी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आली. त्यावर तिने पेनने कीबोर्ड काढला होता. नुसता लांबून बघितलेला, तरी सगळी अक्षरं जागच्या जागी. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवायची. पी आला की जोरात दाबायची.

मी राहायचे हिंदमाताच्या अलीकडे, वडील फोर्टातल्या ऑफिसात हेडक्लार्क, घरात अभ्यासाला वेगळं टेबल. नंदा लालबागच्या चाळीत. तिची आई लोकांचे मसाले करून द्यायची. मार्च-एप्रिलात त्यांच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नसे, सगळीकडे चादरींवर मिरची. खाली गल्लीत डंक, म्हणजे मसाला कुटायची मशीनं, दिवसभर धाडधाड चालायची. त्या आवाजात आम्ही एकमेकींना प्रश्न विचारायचो आणि शिंकत शिंकत उत्तरं द्यायचो. अभ्यासाला बसायचं म्हणजे मांडीवर वही आणि हातात मिरची. देठ खुडायचे आणि पाठ म्हणायचं. नंतर चुकून डोळ्याला हात लागला की मेलोच. परीक्षेचा तो वास माझ्या नाकात आजही तोच आहे.

देठ खुडताना आम्हा पोरींचा एक खेळ असे. ढिगातली सगळ्यात लांब मिरची कोण शोधतं. मी आपली मिरच्या ओळीने मांडायचे, ही हिच्यापेक्षा लांब का, आणि तिच्यापेक्षाही लांब का, असं जोडीजोडीने बघत बसायचे. नंदा माझ्या आधी मोकळी. तिची आई मला हसायची. "गो, ह्यात काय कठीण हा? पयली हातात धर. फुडची लांब गावली तर हातातली टाक नि ती धर. ढीग सोपलो की हातात उरता ती लांब."

पेपरात प्रश्न आला: तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधा. सरांनी शिकवलेली रीत माझीच होती, जोडीजोडीची. ए हा बीपेक्षा मोठा आणि सीपेक्षाही मोठा असेल तर ए छाप. मग तसंच बीचं, तसंच सीचं. मी ती घोकलेली होती, तशीच उतरवली. नंदाने आईची रीत लिहिली. बेसिकमध्ये ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर देतात; दहाव्या ओळीत तिने तीन आकडे घेतले. विसाव्या ओळीत ए हातात धरला आणि त्याला एम नाव दिलं. तिसाव्या ओळीत, बी मोठा असेल तर हातातला टाकून बी धरला. चाळिसाव्यात सी. पन्नासाव्यात, हातात जे उरलं ते छाप.

सरांनी त्यावर आडवी रेघ मारली. शून्य. त्या एका प्रश्नामुळे नंदा सहावी आली आणि मी पाचवी.

ती सरांकडे गेली. मी बरोबर होते. त्या वयात आणि त्या घरात वाढलेल्या मुलीने सरांपुढे तोंड उघडणं म्हणजे काय, ते आज समजवून सांगता यायचं नाही. ती म्हणाली, "सर, माझं बरोबर आहे."

"पुस्तकात असं आहे?"

"नाही. पण सर, पुस्तकातलं चुकतं. सात, सात, तीन असे आकडे दिले तर ते काहीच छापत नाही. पहिला सात दुसऱ्यापेक्षा मोठा नाही, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा नाही. तीन तर नाहीच. मी कागदावर करून बघितलंय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना समजलं होतं. अगदी स्वच्छ समजलं होतं. मग ते म्हणाले, "असे आकडे द्यायचेच नाहीत."

आम्ही ज्या दारात उभ्या होतो त्याच्या आत, दहा पावलांवर, मशीन होतं. किल्ली सरांच्या खिशात होती. आच्छादन काढायचं, बटण दाबायचं, पाच ओळी लिहायच्या. सगळी मिळून पाच मिनिटं. मशीन कधी खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाने एकदा, फक्त एकदा, त्याला विचारायचं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

या गोष्टीवर मी आयुष्यभर सरांच्या नावाने बोटं मोडली आहेत. दर वर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मी हा किस्सा सांगते, सरांचं नाव न घेता, आणि मुलं सरांवर चिडतात. मला बरं वाटतं. गोष्ट मी तिथेच थांबवते. पुढचं कधी कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी मी मशीनसमोर बसले. सर कोपऱ्यात पेपर वाचत होते. रेघ लुकलुकत होती. नंदाने आदल्या दिवशी माझ्या हातात कागद कोंबला होता, तिचा प्रोग्रॅम, आणि म्हणाली होती, "एवढंच बघ गं. चालतो का, एवढंच सांग." मी तो टाइप केला. पी जोरात दाबला. सात, सात, तीन दिले. खाली सात उमटला. मग सरांचा केला, म्हणजे माझाच. सात, सात, तीन. काहीच नाही. नुसती रेघ लुकलुकत राहिली.

मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. कारण हे खरं असेल तर माझ्या बुडाखालची खुर्ची नंदाची होती.

ती फाटकाशी उन्हात उभी होती. एक तास उभी असणार. कपाळावर घाम, बोटं मिरचीने लाल. "चाललं?"

"नाही गं," मी म्हणाले. "तिसाव्या ओळीत सिंटॅक्स एरर आली."

किती नेमकं खोटं बोलले बघा. नुसतं नाही म्हणाले असते तर तिने वाद घातला असता, पुन्हा बघ म्हणाली असती. पण मी ओळीचा नंबर सांगितला, एररचं नाव सांगितलं. मशीनच्या तोंडी घातलं. सरांचं म्हणणं तिने मानलं नव्हतं, पुस्तकाचं मानलं नव्हतं, मशीनचं मानलं. "अच्छा," म्हणाली. "मशीनच म्हणालं म्हणजे..." आणि वाक्य अर्धंच सोडून चालायला लागली. त्या मे महिन्यात तिने पुन्हा काही विचारलं नाही. एकदा त्यांच्या घरी गेले तर तो पुठ्ठा धण्याच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेला दिसला.

चौदा वर्षांची होते, अजाण होते, असं कोणी म्हणू नये. चौदाव्या वर्षी सगळं कळतं. आणि चौदाव्या वर्षी समजा नाही कळलं, तर चोविसाव्या वर्षी काय झालं होतं? चव्वेचाळिसाव्या? मी तेव्हा कुठे होते? मी दर मार्चमध्ये नंदाच्याच दुकानातून मसाला आणत होते. तिचं लग्न गल्लीतल्याच डंकवाल्याच्या घरात झालं, आता गल्ल्यावर तीच बसते. दर वर्षी मला म्हणते, "या बाई, प्रोफेसरीण बाई," आणि माझी मिरची रांग मोडून आधी कुटायला घेते. मी दर वर्षी हसते. दर वर्षी घरी मसाला भरून ठेवते आणि तोच खाते. लाज कशी वाटली नाही, हे मला कोणी विचारलं नाही म्हणून मीही स्वतःला विचारलं नाही.

यंदा मॉडरेटरवर ओरडून आले आणि तीन दिवस मला घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप पिशवीत घातला. त्या जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल आता लॅपटॉपवर चालते, तोच टुंग, तीच रेघ. ती उतरवून घ्यायला मात्र मला चार ठिकाणी हो म्हणावं लागलं.

नंदा गल्ल्यावर होती, नाकातोंडाला ओढणी बांधलेली. मागे डंक धाडधाड चालू. "आज लवकर? मिरची कुठाय?"

"मिरची नाही आणली. नंदा, तुझा तो प्रोग्रॅम चालला होता."

मला वाटलं ती विचारेल, कुठला प्रोग्रॅम. मनात आशाच होती म्हणा ना, की ती विसरली असेल. तिने ओढणी खाली केली. "तिसाव्या ओळीत एरर आली म्हणालीस."

"नव्हती आली. मी खोटं बोलले. तू सहावी होतीस, मी पाचवी. खुर्ची जाईल म्हणून भ्याले."

डंक बंद कर म्हणून तिने आत हाताने खूण केली. समोरच्या बाईला म्हणाली, "ताई, पाच मिनिटं थांबा हां." लॅपटॉप ओढून घेतला, ओढणीला हात पुसले आणि टाइप करायला लागली. मी तिला एक ओळ सांगितली नाही. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. जुना कागद समोर धरल्यासारखं. पी आला तेव्हा तिने तो जोरात दाबला. आकडे दिले. सात, सात, तीन.

सात.

तिने तो सात बराच वेळ बघितला. मग मला म्हणाली, "आता पुस्तकातला." तो मी लिहून दिला. तिने तेच आकडे दिले. पडद्यावर काही आलं नाही. रेघ लुकलुकत राहिली.

"पोरीचा अभ्यास मी कधी घेतला नाही," नंदा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच मला जास्त लागलं. "पहिलीपासून क्लास लावला. ती गणित घेऊन माझ्याकडे यायची, मी म्हणायचे बाबांना विचार, मला त्यातलं काही कळत नाही. मला खरंच तसं वाटायचं गं. मला वाटायचं, मशीनने सांगितलंय."

"सरांनी तेव्हाच..."

"सरांचं नाव काढू नको. ते मला माहीत होतं चुकतायत. तुझं मला माहीत नव्हतं."

थांबलेल्या बाईने मिरचीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी म्हणाले, "नंदा, मी काय करू सांग." हे मी खरंच विचारत होते. पायावर डोकं ठेव म्हणाली असती तर ठेवलं असतं, तिथे, गल्लीत.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. कीबोर्डवर तिच्या बोटांचे लाल ठसे उमटले होते. तिने सगळं पुसलं आणि नवीन काहीतरी लिहायला घेतलं, दहा, वीस, यावेळी तीन आकड्यांचं नव्हे, बरंच लांब.

"हा इथेच राहू दे," ती म्हणाली. "तू जा."

"न्यायला कधी येऊ?"

"मे संपला की ये."